परदेशात नर्स म्हणून जाण्यापूर्वी मुंबईतच पूर्ण करायची कामे

परदेशी नोकरीचा विचार मनात आला की मुंबईतील परिचारिका बहुधा सर्वप्रथम इंग्रजीच्या क्लासची चौकशी करते. ठाण्यापासून दादरपर्यंत स्टेशनाबाहेर लावलेल्या पाट्या पाहिल्या, तर तसे होणे स्वाभाविकही आहे. माझ्या पाहण्यात मात्र, इंग्रजीत एकदा कमी गुण मिळालेली परिचारिका काही महिन्यांत पुन्हा परीक्षा देऊन मोकळी होते, आणि जिचा अर्ज जुन्या कॉलेजच्या एका उत्तरासाठी अडला आहे, ती वर्षभर त्याच जागी उभी असते. कारण असे की, परदेशातील नोंदणी संस्था अर्जदाराने हाती दिलेल्या कागदावर निर्णय घेत नाही. तो कागद ज्यांनी दिला त्या कॉलेजला, विद्यापीठाला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला आणि रुग्णालयाला ती संस्था किंवा तिने नेमलेली पडताळणी कंपनी थेट विचारणा करते. तेव्हा या चारही ठिकाणांहून वेळेवर, एकाच नावाने आणि परस्परांशी जुळणारे उत्तर जाईल अशी व्यवस्था करणे, हे या प्रवासातील सर्वांत मोठे काम आहे, आणि ते क्लासची फी भरण्याआधी सुरू करावे.

पुढील मजकूर जीएनएम (जनरल नर्सिंग व मिडवाइफरी पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग झालेल्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या परिचारिका व परिचारक यांच्यासाठी आहे. केवळ एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसाविकेचा अभ्यासक्रम, झालेल्यांना बहुतेक देशांत पूर्ण नर्स म्हणून नोंदणी मिळत नाही. त्यांनी आधी येथेच पुढील शिक्षण घ्यावे, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

देश कसा ठरवावा

पगाराचे आकडे सर्वजण सांगतात. त्याऐवजी आपल्याजवळ आज काय आहे ते पाहावे: शिक्षण पदविकेचे की पदवीचे, अनुभव किती वर्षांचा आणि कोणत्या वॉर्डातला, मध्ये खंड किती, आणि घरून किती काळ वाट पाहता येईल.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहारीन या आखाती देशांत जाण्याचा मार्ग तुलनेने लवकर पूर्ण होतो. तेथे कागदपत्रांची पडताळणी बहुतेक ठिकाणी डेटाफ्लो या कंपनीमार्फत होते आणि त्यानंतर संगणकावरील परवाना परीक्षा द्यावी लागते, जिला आपल्याकडे सरसकट 'प्रोमेट्रिक' म्हणतात. दुबई, अबू धाबी आणि उर्वरित अमिराती यांची आरोग्य खाती वेगवेगळी असल्याने, नोकरी कोणत्या अमिरातीत मिळण्याची शक्यता आहे ते पाहून अर्ज करावा. येथे स्वतंत्र इंग्रजी परीक्षेची अट सहसा नसते, मात्र अनुभवाची अट असते आणि अनुभवातील मोठा खंड अडचणीचा ठरतो. आयकर नसल्याने बचत चांगली होते, परंतु नागरिकत्वाची आशा तेथे धरू नये.

ब्रिटनमध्ये नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजेच एनएमसी, ही नोंदणी संस्था आहे आणि ती जीएनएम पदविकाही विचारात घेते. आपल्याकडे एकाच शिक्षणावर नर्स आणि मिडवाइफ अशी दुहेरी नोंदणी मिळते. ब्रिटनमध्ये या दोन व्यवसायांची नोंदणी स्वतंत्र आहे, त्यामुळे अर्ज नर्स म्हणूनच करावा. गेल्या काही वर्षांत तेथील सरकारी रुग्णालयांची परदेशी भरती मंदावली आहे. नोंदणीच्या परीक्षा देण्यास त्यामुळे बाध येत नाही, परंतु 'तीन महिन्यांत लंडन' असे सांगणाऱ्या माणसाचे पुढे ऐकूच नये. आयर्लंडची प्रक्रिया थोडी निराळी असून तेथे आधी कागदपत्रे पाहून निर्णयपत्र दिले जाते आणि मग अर्जदाराने अभियोग्यता परीक्षा किंवा रुग्णालयातील प्रशिक्षणकाळ यांपैकी एक पूर्ण करायचा असतो.

जर्मनीत अनुभव कमी असला तरी चालतो, मात्र भाषा नव्याने शिकावी लागते. भाषेच्या पातळ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत चढत जातात आणि पूर्ण मान्यतेसाठी साधारणतः बी-२ पातळीचे जर्मन लागते. काही जण बी-१ करून जातात आणि उरलेली पातळी तेथे गाठतात. मुंबईत काळा घोडा येथील मॅक्स म्युलर भवनात या परीक्षा होतात. रात्रपाळ्या सांभाळून शून्यापासून बी-२ पर्यंत पोहोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो, असे धरूनच चालावे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला आहे. त्याअंतर्गत एखादी संधी जाहीर झाल्याचे कानावर आले, तर ती शासनाच्या संकेतस्थळावर आहे की कुणा मध्यस्थाच्या पत्रकावर, हे आधी तपासावे.

अमेरिकेविषयी थोडक्यात सांगायचे तर, एनसीएलईएक्स-आरएन ही तेथील नर्सिंग परवान्याची परीक्षा उत्तीर्ण होता येते, नोकरीचे पत्रही मिळते, परंतु भारतीयांसाठी नोकरीवर आधारित प्रवर्गातील स्थलांतर व्हिसाची रांग दहा वर्षांहून लांब आहे. तरीही ही परीक्षा वाया जात नाही, कारण ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीतही तीच वापरली जाते. तेथे तिच्या जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते.

नावाचा प्रश्न

या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण मराठी परिचारिकांच्या अर्जांत सर्वाधिक घोळ इथेच होतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. नर्सिंगच्या प्रमाणपत्रावर कधी हाच क्रम असतो, तर कधी स्वतःचे नाव आधी येते. लग्नानंतर कौन्सिलच्या नोंदणीत आडनाव बदलले जाते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते, आणि काही घरांत तर पहिले नावही बदललेले असते. रुग्णालयाच्या अनुभवपत्रावर वॉर्डात सगळे ज्या नावाने हाक मारतात तेच नाव टाकलेले आढळते. आपल्या कचेऱ्यांत हे सर्व समजून घेतले जाते. परदेशातील पडताळणी अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र या तीन वेगळ्या व्यक्ती असतात, आणि तसा शेरा एकदा अहवालात पडला की तो दुरुस्त करून घेण्यात पैसे व महिने दोन्ही जातात.

यासाठी पहिल्याच दिवशी सर्व कागद एका ओळीत मांडून प्रत्येकावरील नावाचे स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर लिहून काढावी. स्पेलिंगमधील फरक किरकोळ वाटला, उदाहरणार्थ 'दीपाली'मध्ये एका कागदावर एक 'ई' आणि दुसऱ्यावर दोन, तरी तो नोंदवावा. त्यानंतर पासपोर्टवरील नाव हे प्रमाण धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवावेत. लग्न झाले असले तरी पासपोर्टवर माहेरचे नाव ठेवता येते. सर्व शैक्षणिक कागद आणि कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने असेल, तर परदेशातील नोंदणी हाती येईपर्यंत पासपोर्टला हात न लावणे शहाणपणाचे ठरते. सासरी याविषयी चर्चा होईल, ती शांतपणे करून घ्यावी. नाव आधीच बदललेले असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि आवश्यक तेथे महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी, हे दोन्ही पुरावे जवळ असले पाहिजेत. पहिलेच नाव बदललेले असल्यास केवळ विवाह प्रमाणपत्राने काम भागेल असे मानू नये; तेथे राजपत्राचीच प्रत मागितली जाण्याची शक्यता अधिक असते. कौन्सिलच्या नोंदणीत जुने नाव राहिले असेल आणि पासपोर्टवर नवे असेल, तर पडताळणीचा अर्ज करण्यापूर्वी नोंदणीतील नाव बदलून घ्यावे, कारण पत्र एकदा जुन्या नावाने रवाना झाले की ते मागे बोलावण्याची सोय नसते.

कॉलेज, कौन्सिल आणि रुग्णालय

कॉलेजकडून लागणारा मुख्य कागद म्हणजे ट्रान्सक्रिप्ट. यात विषयवार गुण तर हवेतच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक विषयाचे सैद्धांतिक तास आणि प्रत्येक विभागातील प्रात्यक्षिकाचे तास. जर्मनीतील नर्सिंग शिक्षणात २१०० तास सैद्धांतिक आणि २५०० तास प्रात्यक्षिक असतात, आणि तेथील अधिकारी आपल्या अभ्यासक्रमाची तुलना याच्याशी करून जी उणीव आढळेल ती लेखी कळवतात. मग ती भरून काढण्यासाठी प्रशिक्षण किंवा ज्ञानचाचणी यांपैकी एक मार्ग घ्यावा लागतो. ज्या ट्रान्सक्रिप्टमध्ये बालरोग, मानसोपचार किंवा सामुदायिक आरोग्य या विभागांतील तास लिहिलेलेच नाहीत, तेथे ते तास झालेच नाहीत असे धरले जाते. म्हणून कॉलेजच्या कार्यालयात 'ट्रान्सक्रिप्ट द्या' एवढेच सांगून येऊ नये. तासांचा तक्ता कसा हवा याचा नमुना सोबत न्यावा आणि प्राचार्यांची सही, शिक्का व कॉलेजचा अधिकृत ईमेल पत्ता त्यावर असल्याची खात्री करावी. ईमेलची गोष्ट क्षुल्लक वाटेल, परंतु पडताळणीची विचारणा आता ईमेलनेच येते, आणि कॉलेजचा पत्ता एखाद्या जुन्या क्लार्कच्या खाजगी खात्याचा असेल तर ती विचारणा कुणीच उघडत नाही. विचारणा येणार आहे हे कार्यालयात आधी सांगून ठेवावे, आणि ती आल्यावर आठवडाभरात एकदा जाऊन उत्तर गेले का ते पाहावे.

बी.एस्सी. झालेल्यांना विद्यापीठाकडेही जावे लागते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले असून त्याचे मुख्यालय नाशिकला दिंडोरी रस्त्यावर आहे. त्याआधी शिकलेल्यांची पदवी त्या त्या पारंपरिक विद्यापीठाची असते आणि एसएनडीटीच्या विद्यार्थिनींचे कागद एसएनडीटीकडेच असतात. कॉलेज बंद पडले असेल, आणि अशी उदाहरणे बरीच आहेत, तर नोंदी कोणाकडे वर्ग झाल्या याचे लेखी उत्तर विद्यापीठाकडून किंवा परीक्षा मंडळाकडून घेऊन ठेवावे व ते अर्जासोबत जोडावे.

कौन्सिलकडील काम दोन भागांत होते. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ती चालू नसेल तर बाहेरच्या देशाला पडताळणीचे पत्र जाणार नाही, म्हणून नूतनीकरण आधी उरकावे. दुसरा भाग म्हणजे नोंदणीची पडताळणी आणि 'गुड स्टँडिंग' प्रमाणपत्र, ज्यात संबंधित व्यक्तीविरुद्ध कोणतीही शिस्तभंगाची कारवाई नाही असे कौन्सिल कळवते. हे पत्र बहुतेक देशांना कौन्सिलकडून थेट लागते, अर्जदाराच्या हातून नव्हे, आणि त्याची मुदत मर्यादित असते. त्यामुळे भाषेची परीक्षा उत्तीर्ण होण्याच्या कितीतरी आधी ते पाठवून ठेवल्यास दुसऱ्यांदा शुल्क भरण्याची वेळ येते. एखादीने शिक्षण कर्नाटकात घेऊन तिथल्या कौन्सिलकडे पहिली नोंदणी केली असेल आणि नंतर महाराष्ट्रात बदलून घेतली असेल, तर दोन्ही कौन्सिलकडून पत्रे लागू शकतात, हेही ध्यानात असू द्यावे.

अनुभवपत्राविषयी रुग्णालयाच्या मनुष्यबळ विभागाचा ठरीव नमुना असतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत काम केले, वर्तणूक चांगली. एवढ्याने परदेशात भागत नाही. पद, वॉर्ड किंवा विभाग, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास, रुग्णालयातील एकूण खाटा आणि कामाचे थोडक्यात वर्णन, एवढे त्यात हवे. अतिदक्षता विभागात चार वर्षे काढलेल्या सिस्टरच्या पत्रात केवळ 'स्टाफ नर्स' लिहिलेले असते, तेव्हा तिचा तो अनुभव मुलाखतीपर्यंत पोहोचतच नाही. खाजगी नर्सिंग होममध्ये काम केले असेल, तर ते महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायदा, १९४९ खाली नोंदलेले आहे याची खात्री करावी आणि पगार बँकेतून झाल्याचे पुरावे जपावेत. रोख पगारावर काढलेली वर्षे सिद्ध करणे फार कठीण जाते. महापालिकेच्या किंवा शासनाच्या रुग्णालयातील अधिपरिचारिकांनी आपल्या परिसेविका व अधिसेविका यांच्याशी आधी बोलावे, कारण पत्राचा मजकूर वॉर्डाची माहिती असलेल्या व्यक्तीने तपासला, तर आस्थापना विभागातून तो बिनचूक निघतो. पासपोर्टसाठी आणि परदेशी नोकरीसाठी लागणारी खात्याची परवानगी हा वेगळा अर्ज असतो. तो वेळेत करावा.

काही संस्था प्रवेशाच्या किंवा नोकरीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात. ती परत मिळवण्याचा लेखी अर्ज पोच घेऊन करावा आणि हा विषय राजीनाम्याच्या दिवसापर्यंत लांबवू नये.

परीक्षा

ब्रिटनसाठी आयईएलटीएस अकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटी, म्हणजे आरोग्य क्षेत्रातील लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, दिल्यास पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस ही श्रेणी लागते. वॉर्डात काम करणाऱ्यांना मी ओईटी सुचवतो. त्यातील लेखन म्हणजे रुग्णाच्या नोंदींवरून लिहायचे पत्र आणि संभाषण म्हणजे रुग्णाशी किंवा नातेवाइकाशी केलेली बातचीत असते, जी आपण हिंदी-मराठीत रोजच करतो. जागतिकीकरणावर निबंध लिहिण्यापेक्षा ते नक्कीच जवळचे आहे. परंतु निवडलेला देश आणि व्हिसा दोन्ही ठिकाणी ती परीक्षा चालते ना, हे आधी पाहावे. दोन्ही परीक्षांचा निकाल साधारण दोन वर्षे ग्राह्य धरला जातो, म्हणून कागदांची जुळवाजुळव अर्धी झाल्याशिवाय परीक्षेची तारीख घेण्याची घाई करू नये.

एनएमसीची क्षमता चाचणी दोन टप्प्यांची आहे. पहिला टप्पा संगणकावरील असून तो भारतातच देता येतो. त्यात औषधाच्या मात्रेचे गणित आणि नर्सिंगचे प्रश्न असे दोन भाग असतात. दुसरा टप्पा म्हणजे ओएससीई ही दहा स्थानकांची प्रात्यक्षिक परीक्षा, जी ब्रिटनमध्येच होते. नोकरी सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत तिचा पहिला प्रयत्न करावा लागतो, आणि तोवर नोंदणीकृत नर्सपेक्षा खालच्या श्रेणीवर काम व पगार असतो. आपल्याकडच्या अनुभवी सिस्टर येथे अडखळतात त्या कौशल्यामुळे नव्हे. रुग्णाची ओळख पटवणे, संमती घेणे, ॲलर्जी विचारणे, प्रत्येक कृती करण्यापूर्वी ती रुग्णाला सांगणे, या गोष्टी परीक्षक गुणांसाठी मोजतो आणि आपल्या गजबजलेल्या वॉर्डात त्या मनातल्या मनात उरकल्या जातात. मुंबईतील ड्यूटीवर असतानाच त्या मोठ्याने बोलून करण्याची सवय लावून घ्यावी. सुरुवातीला वॉर्डातल्या मावशी हसतील.

एजंट, पैसे आणि परवानगी

ब्रिटनच्या कायद्यानुसार नोकरी मिळवून देण्यासाठी उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही, आणि सरकारी रुग्णालयांसाठी भरती करणाऱ्या नीतिमान संस्थांची यादी एनएचएस एम्प्लॉयर्स या तेथील सरकारी आरोग्य सेवेतील मालकांच्या संघटनेकडून प्रसिद्ध होते. एजन्सीचे नाव त्या यादीत पाहावे. भारतात परदेशी भरती करणाऱ्या एजंटाकडे उत्प्रवास कायदा, १९८३ खालील परवाना हवा, आणि त्याला उमेदवाराकडून घेता येणारे सेवाशुल्क जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक वस्तू व सेवा कर एवढेच आहे. परवाना क्रमांक केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे देताना पावती मागितल्यावर जो एजंट विश्वासाच्या गोष्टी करू लागतो, त्याच्याकडून उठून यावे.

आखातासाठी आणखी एक महत्त्वाचा नियम आहे. दहावी उत्तीर्ण असल्याने बहुतेक परिचारिकांच्या पासपोर्टला उत्प्रवास परवानगीची (ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारकडून घ्यायच्या मंजुरीची) गरज नसते, परंतु २०१५ पासून केंद्र सरकारने परवानगीच्या यादीतील देशांत जाणाऱ्या नर्सना, पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असला तरी, ही परवानगी सक्तीची केली आणि भरतीचे काम केरळच्या नॉर्का रूट्स व ओडेपेक यांसारख्या सरकारी संस्थांकडे सोपवले. ही परवानगी देणारे मुंबईतील प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात आहे. विभागीय पासपोर्ट कार्यालयही त्याच इमारतीत असल्याने पोलीस क्लिअरन्सविषयी काही अडले, तर एकाच फेरीत दोन्ही चौकश्या होतात. 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे बदलून घेऊ' असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्या मार्गाने गेलेल्या नर्सची कुठेच नोंद राहत नाही, आणि परवानगीसोबत सक्तीने मिळणारे प्रवासी भारतीय विमा योजनेचे दहा लाख रुपयांचे संरक्षणही तिला मिळत नाही.

करारपत्र हाती आल्यावर पगाराखालची कलमे वाचावीत. मुदतीपूर्वी नोकरी सोडल्यास विमानभाडे, परीक्षा शुल्क व प्रशिक्षण यांपैकी काय आणि किती परत करावे लागेल, ती रक्कम महिन्यागणिक कमी होते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, राहण्याची सोय किती आठवड्यांची, आणि पहिली ओएससीई अनुत्तीर्ण झाल्यास पुढच्या प्रयत्नाचा खर्च कोणाचा, या प्रश्नांची उत्तरे ईमेलवर लेखी घ्यावीत. फोनवरचे उत्तर पुढे उपयोगी पडत नाही.

राजीनामा आणि निघण्याची तयारी

व्हिसाचा शिक्का किंवा व्हिसाचे पत्र हाती येईपर्यंत राजीनामा देऊ नये. ब्रिटनच्या व्हिसासाठी मुंबईतील मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयरोगाची तपासणी आणि पोलीस क्लिअरन्स लागते; या दोन्हींची मुदत पाहून तारखा बांधाव्यात. नोटिशीचा काळ किती, हे नेमणूकपत्रात वाचून नव्या मालकाला रुजू होण्याची तारीख सांगावी, म्हणजे शेवटच्या आठवड्यात कार्यमुक्तीचे पत्र अर्धवट टाकून विमानतळ गाठण्याची वेळ येत नाही.

त्या पत्राच्या किमान तीन मूळ प्रती सही-शिक्क्यासह घ्याव्यात आणि सर्व कागद स्कॅन करून घरच्या एका जबाबदार व्यक्तीकडेही ठेवावेत. ब्रिटनमध्ये गेल्यावर पगाराच्या पावत्या आणि ड्यूटीचे तास जपण्याची सवय चालू ठेवावी: ऑस्ट्रेलियाने २०२५ पासून ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर अशा निवडक देशांत नोंदणी करून २०१७ नंतर १८०० तास काम केलेल्या नर्ससाठी परीक्षेविना नोंदणीचा मार्ग खुला केला आहे, आणि तेथेही हे तास मालकाच्या पत्रानेच सिद्ध करावे लागतात.